टर्बो की सुपरचार्जर? छोट्या इंजिनाचा मोठा हट्ट

घरातली जुनी झेन, चोवीस वर्षांचा भाचा आणि गाडी 'उडवण्याची' हौस... बंगळुरूच्या एका मुक्कामात सुरू झालेला हा वाद पोचला थेट दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांपर्यंत आणि परत आला तो स्वयंपाकघरातल्या कुकरपाशी!

'मामा, झेनला टर्बो लावू की सुपरचार्जर?'

बंगळुरूला थोरल्या बहिणीकडे पोचून चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच भाच्यानं प्रश्न टाकला. समोर सोफ्यावर दाजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण पान उलटणारा हात मात्र थांबला. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, 'आल्या आल्या झालं का सुरू? अरे, त्याला अंघोळ तरी करू दे!'

मी अडचणीत. कारण एका बाजूला भाच्याचे चकाकणारे डोळे आणि दुसऱ्या बाजूला पेपरामागचं ते बोलकं मौन. गाडी दाजींची. २००३ मध्ये सेकंडहँड घेतलेली, १९९८ च्या मॉडेलची मारुती झेन. कुटुंबाची पहिली चारचाकी. कोल्हापूरच्या, पंढरपूरच्या, गोव्याच्या किती फेऱ्या तिनं केल्या त्याचा हिशेब नाही. आता नोकरीला लागलेल्या मुलानं पगारातून साठवलेले पैसे तिच्या इंजिनावर उधळायचं ठरवलं होतं. कशासाठी? तर ९९३ सीसीच्या, जेमतेम ५० अश्वशक्तीच्या त्या इंजिनातून ७०-७५ अश्वशक्ती काढण्यासाठी!

आणि गंमत बघा, हा हट्ट एकट्या भाच्याचा नाही. बंगळुरूच्या जे. सी. रोडवरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांतून किंवा शिवाजीनगरच्या गुजरीतून, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारातून, एक चक्कर मारा. छोट्या गाडीला मोठी ताकद देण्याच्या मागे लागलेली तरुण मुलं जागोजागी भेटतात. आयटी कंपनीत नोकरी, हाती पैसा आणि डोक्यात वेग!

पण मुळात हे टर्बो आणि सुपरचार्जर म्हणजे काय? नव्या गाड्यांच्या मागच्या दारावर 'टर्बो' अशी अक्षरं आपण रोज वाचतो. आतमध्ये नेमकं काय चालतं?

पेट्रोल कमी, हवाच जास्त!

आपल्याला वाटतं, गाडी पेट्रोलवर चालते. खरं तर ती चालते हवेवर! एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत जेवढी हवा मावते, त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. झेनचं एक लिटरचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेतं, तेव्हा ते एका मिनिटात तीन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या डोळ्यांपुढे आणा. तेवढी हवा, दर मिनिटाला!

इंजिनात जास्त पेट्रोल सोडणं सोपं आहे. पण त्याला पुरेल इतकी हवा आणायची कुठून? एक उपाय म्हणजे इंजिन मोठं करायचं. दुसरा उपाय आपल्या आजीला ठाऊक होता. चूल विझायला लागली की ती काय करायची? फुंकणी घ्यायची! लोहारही तेच करतो, भाता चालवतो. लाकूड तेवढंच, कोळसा तेवढाच, पण हवा कोंबली की आग भडकते.

सुपरचार्जर आणि टर्बो हे दोन्ही इंजिनाचे भातेच. बाहेरची हवा दाबून, घट्ट करून इंजिनात कोंबायची. जागा तेवढीच, हवा मात्र जास्त. मग पेट्रोलही जास्त जाळता येतं आणि छोटं इंजिन मोठ्या इंजिनासारखं काम करतं. फरक एवढाच, की भाता हलवतो कोण?

सुपरचार्जरचा भाता इंजिन स्वतः हलवतं. पिठाच्या गिरणीत मोटारीचा पट्टा जातं फिरवतो ना, तसाच इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून एक पट्टा सुपरचार्जरवर जातो. इंजिन फिरलं की तो फिरला. टर्बोची गोष्ट वेगळी. सायलेन्सरमधून बाहेर फेकला जाणारा तापलेला धूर एका चक्रावर सोडतात, पाणचक्कीवर पाणी सोडावं तसा. ते चक्र फिरलं की त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबतं. म्हणजे जी ऊर्जा वाया जाणार, तिच्यावरच हा भाता चालतो.

दोघे सख्खे भाऊच म्हणा ना! टर्बोचं जुनं नावही 'टर्बोसुपरचार्जर' असंच होतं.

भट्टीपासून आकाशापर्यंत

यातला थोरला भाऊ सुपरचार्जर. १८६० मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या दोन भावांनी एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दोन पात्यांचा एक भाता बनवला. तो वापरला जाऊ लागला लोखंडाच्या भट्ट्यांसाठी. पुढे तोच मोटारीत आला आणि आजही त्या प्रकारच्या सुपरचार्जरला 'रूट्स'च म्हणतात. १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलरनं इंजिनात हवा कोंबण्याच्या कल्पनेचं पेटंट घेतलं आणि १९२० च्या दशकात मर्सिडीजनं सुपरचार्जर लावलेल्या मोटारी बाजारात आणल्या.

धाकटा टर्बो हा स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याचं अपत्य. १९०५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. वाया जाणाऱ्या धुराकडे सगळे बघत होते, पण त्यात लपलेली ताकद त्यानं पाहिली. प्रत्यक्ष यश मिळायला मात्र वीस वर्षं लागली. सुरुवातीला हे यंत्र बसलं ते मोटारीत नव्हे, जहाजांच्या अवाढव्य डिझेल इंजिनांवर.

खरी परीक्षा झाली ती डोंगरावर. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरनं विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून अमेरिकेतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फूट उंच शिखरावर नेलं. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन शिखरावर विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो जोडला आणि आकडा गेला ३५६ वर! उंचावर दम लागलेल्या इंजिनाला जणू कुणी ऑक्सिजनच लावला.

इथं दाजींनी पेपर खाली ठेवला. 'आता बंगळुरूचं सांग त्याला,' ते भाच्याला म्हणाले. भाचा गप्प. मग तेच सांगू लागले. दाजींची उभी हयात हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या इंजिन विभागात गेली आहे. घरी फारसं न बोलणारा माणूस इंजिन म्हटलं की खुलतो.

वालचंदांचा कारखाना, लिबरेटरचे टर्बो

बंगळुरू आणि मराठी माणूस म्हटलं की आपल्याला शहाजीराजांची जहागीर आठवते. पण विसाव्या शतकातला एक धागा आपण विसरतो. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला, हिंदुस्तान एअरक्राफ्ट. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभारणारेही तेच वालचंद. महायुद्धाच्या धामधुमीत या कारखान्यात अमेरिकी विमानांची दुरुस्ती होऊ लागली. हाच कारखाना १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाला.

खरी करामत झाली ती युद्धानंतर. ब्रिटिशांनी बी-२४ लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमानं कानपूरला मोडीत काढून टाकली होती. पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची नासधूसही केली होती. बंगळुरूच्या मंडळींनी ती तिथल्या तिथं उडण्यापुरती ठाकठीक केली, एकेक करून बंगळुरूला उडवत आणली आणि नव्यानं बांधून भारतीय हवाई दलाला दिली. चाळीसच्या आसपास विमानं! १९४८ च्या अखेरीस ती दलात येऊ लागली आणि १९६८ पर्यंत सेवेत राहिली. भंगारातून उभं केलेलं विमान वीस वर्षं!

या लिबरेटरच्या चारही इंजिनांना टर्बोसुपरचार्जर होते. का? पंचवीस हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी होतो. साधं इंजिन तिथं गुदमरतं. त्याच युद्धात ब्रिटिशांच्या स्पिटफायरला रोल्स रॉइसचं मर्लिन इंजिन होतं, त्याला मात्र गिअरवर चालणारा सुपरचार्जर. म्हणजे भाच्याचा आजचा वाद तेव्हाही आकाशात चाललाच होता!

दाजींनी मग एक साधा हिशेब मांडला. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. इथं हवेचा दाब मुंबईपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास कमी. म्हणून मुंबईत ५० अश्वशक्ती देणारी झेन बंगळुरूत पंचेचाळीसच्या आसपासच देते. घाट चढून इथं राहायला आलेल्या प्रत्येक साध्या पेट्रोल गाडीनं आपल्या ताकदीचा दहावा हिस्सा वाटेतच सोडलेला असतो. टर्बोचं इंजिन हा तोटा बराचसा भरून काढतं, कारण पातळ हवेत ते चक्र थोडं जास्त फिरवून ठरलेला दाब गाठता येतो. सुपरचार्जरच्या फेऱ्यांचं प्रमाण पट्ट्यानं बांधलेलं. त्यामुळे तो मुंबईत जेवढा दाब देईल, तेवढा बंगळुरूत देत नाही.

'म्हणजे टर्बोच ना?' भाचा उसळला.

'थांब,' दाजी म्हणाले.

कोण कुठे भारी?

सुपरचार्जरची मोठी शिकवण म्हणजे तत्परता. पाय दाबला की लगेच ताकद. पट्टा थेट इंजिनावरच असल्यानं वाट बघायची भानगड नाही. सिल्क बोर्डच्या चौकात पुढची रिक्षा हलली की चटकन सुटता येतं. शिवाय सायलेन्सरच्या बाजूला फारसा हात लावावा लागत नाही आणि बॉनेटखाली लालबुंद तापणारा नवा पाहुणाही येत नाही.

पण हा गडी फुकट राबत नाही. एक लिटरच्या इंजिनात अर्धा बार, म्हणजे बाहेरच्या दाबाच्या निम्म्यानं जास्त दाब भरायचा, तर ढोबळ हिशेबानं सात-आठ अश्वशक्ती सुपरचार्जर स्वतःच खातो. मोठ्या इंजिनाला हे जाणवत नाही. पण मुळात पन्नासच असलेल्या झेनला? घरात पगार पन्नास हजार आणि नोकराला आठ हजार, असा तो प्रकार!

टर्बोला हा पगार द्यावा लागत नाही. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी सुमारे एक तृतीयांश सायलेन्सरमधून उडून जाते, त्यातलाच वाटा तो घेतो. अगदीच फुकट नाही, कारण धुराच्या वाटेत चक्र आलं की इंजिनाला थोडा जोर लावावा लागतो. पण व्यवहार फायद्याचा.

मग अडचण कुठं? एक म्हणजे उशीर. इंजिन हळू फिरत असताना धूरच कमी, मग चक्र फिरणार कसं? पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम धक्का बसतो. यालाच 'टर्बो लॅग' म्हणतात. इंजिन जितकं लहान तितका धूर कमी, म्हणजे ही पंचाईत छोट्या गाड्यांनाच जास्त. दुसरी अडचण उष्णतेची. पेट्रोल इंजिनाचा धूर नऊशे अंशांच्याही वर जातो. आपला मिक्सर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो. टर्बोचं चक्र दीड-दोन लाख! आणि ते तरंगतं तेलाच्या पातळ थरावर. तेल खराब झालं की टर्बो संपला.

हवा दाबली की ती तापते, हे मात्र दोघांच्याही नशिबी. सत्तावीस अंशांची हवा अर्धा बार दाबली तर ऐंशी अंशांपर्यंत जाते. तापलेली हवा फुगते, म्हणजे कोंबल्याचा अर्धा फायदा गेला. शिवाय पेट्रोल वेळेआधीच पेटण्याचा धोका. म्हणून वाटेत 'इंटरकूलर' नावाचा, रेडिएटरसारखा हवा थंड करणारा भाग बसवतात.

कंपन्यांनी काय निवडलं?

आपल्या मारुती ८०० चाच अवतार घ्या. त्याच पिढीच्या जपानी ऑल्टोवर सुझुकीनं १९८७ मध्ये 'ऑल्टो वर्क्स' काढली. ५४३ सीसीचं चिमुकलं इंजिन, वर टर्बो, ताकद ६४ अश्वशक्ती! आपल्याकडची ७९६ सीसीची ८०० तेव्हा चाळिशीच्या आत होती. १९८९ मध्ये निसाननं तर कमाल केली. मार्च सुपर टर्बो या ९३० सीसीच्या गाडीत दोन्ही भाऊ एकत्र बसवले. खाली सुपरचार्जर ओढणार, वर टर्बो. ११० अश्वशक्ती! २००५ मध्ये फोक्सवॅगननं गोल्फच्या १४०० सीसी इंजिनात हाच संसार थाटून १७० अश्वशक्ती काढल्या. पण दोघांचा संसार महागडा आणि गुंतागुंतीचा.

सगळ्यात बोलका दाखला मिनी कूपर एसचा. २००१ च्या पिढीत १६०० सीसी इंजिनावर सुपरचार्जर, १६३ अश्वशक्ती. २००६ च्या अखेरीस आलेल्या पुढच्या पिढीत कंपनीनं सुपरचार्जर काढून टर्बो बसवला. ताकद १७५ झाली आणि पेट्रोलही कमी लागू लागलं. भारतात सुपरचार्जर लोकांना माहीत झाला तो मर्सिडीजच्या 'कॉम्प्रेसर' या नावानं. तिथंही पुढे टर्बोच आला.

टर्बो आपल्याकडे आधी रुळला तो डिझेलमध्ये. बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यातून आधी निघाली ती क्वालिस, बिनटर्बोची, ७५ अश्वशक्तीची. २००५ मध्ये तिच्या जागी टर्बो डिझेलची इनोव्हा आली, शंभरच्या पुढची. इंजिनाचा आकार जवळपास तेवढाच, ताकद एक तृतीयांशानं जास्त. पेट्रोलमध्ये २००४ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) जोडणी झालेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली, पण ती श्रीमंतांची. सामान्यांच्या आवाक्यात टर्बो आला तो २०१३ ची पोलो जीटी टीएसआय, २०१४ ची टाटा झेस्ट, २०१७ ची बलेनो आरएस यांच्यामुळे. चार मीटरपेक्षा लहान गाडी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी, हा नियमही टर्बोच्या पथ्यावर पडला. इंजिन छोटं ठेवायचं आणि ताकद हवेतून काढायची!

म्हणजे कारखान्यांच्या लेखी निकाल लागला आहे. टर्बो जिंकला. पण कारखान्यात इंजिन जन्मापासूनच टर्बोसाठी घडवतात. जुन्या गाडीला तो 'वरून' लावणं ही वेगळीच गोष्ट. आणि खरं दुखणं तिथंच आहे.

कुकरची शिट्टी

भाच्याच्या एका मित्रानं हेच केलं होतं. गॅरेजवाल्यानं एका डिझेल गाडीचा जुना टर्बो गुजरीतून आणून त्याच्या पेट्रोल गाडीला जोडला. तीन महिने मित्रमंडळी खूश! गिअर बदलताना होणारा तो 'फुस्स' आवाज ऐकायला पोरं रस्त्यावर थांबायची. मग आणखी हौस आली आणि दाब थोडा वाढवला. एका रविवारी पहाटे नंदी हिल्सचा घाट चढताना गाडीनं निळा धूर सोडला आणि जागीच थांबली. इंजिन खोललं तर पिस्टनला भोक!

झालं काय होतं? डिझेलचा धूर पेट्रोलच्या धुराइतका तापत नाही, त्यामुळे तो टर्बो इतकी उष्णता सोसायला बनवलेलाच नव्हता. दुसरं, हवा वाढवली पण त्या प्रमाणात पेट्रोल वाढलं नाही. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की ज्वाला जास्त तापते, पेट्रोल अवेळी पेटतं आणि इंजिन आतून हातोडे मारल्यासारखं ठोकायला लागतं. नशीब एवढंच, की घाटात मागून बस येत नव्हती.

ही कथा ऐकत ताई दारात उभी होती. तिनं विचारलं, 'तो दाब जास्त झाला तर बाहेर सोडायला काही नसतं का रे?' असतं. त्याला 'वेस्टगेट' म्हणतात. ठरलेल्या दाबापुढे गेलं की ती झडप उघडते आणि धूर चक्राला वळसा घालून निघून जातो.

'म्हणजे कुकरची शिट्टी! आणि तुझ्या मित्रानं शिट्टीवर वरवंटा ठेवला!'

वीस पुस्तकं वाचून मला जे इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं, ते ताईनं सांगितलं.

भाच्याची झेन तर कार्ब्युरेटरची. तिला टर्बो लावायचा तर हवेच्या दाबाप्रमाणे पेट्रोल मोजणारी इंजेक्शन यंत्रणा, ती चालवणारा संगणक, मोठा पेट्रोल पंप, इंटरकूलर, दणकट क्लच, मोठा रेडिएटर आणि जमल्यास कमी दाबाचे पिस्टन हवेत. खर्चाचा आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या सहज पुढे जातो. सुपरचार्जर लावला तरी पेट्रोलची ही सगळी व्यवस्था चुकत नाही. शिवाय आपल्या छोट्या गाड्यांसाठी तो तयार मिळणं दुर्मीळ.

आणि ब्रेकचं काय? ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरनं जाणारी गाडी थांबवायला दीडपटीहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. पुढे छोट्या डिस्क, मागे ड्रम, एअरबॅग नाही, अशी ती पंचवीस वर्षांपूर्वीची गाडी. दाजी शांतपणे म्हणाले, 'विमानाचं इंजिन बदललं की आम्ही आधी विचारायचो, हे थांबणार कसं?'

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते, आणि मग समोरच्या जखमी माणसाचं काय? शर्यतीच्या ट्रॅकसाठी तयार केलेली गाडी ट्रॅकवर ट्रेलरनं नेतात, ती यासाठीच.

तुमच्या घरी टर्बो गाडी असेल तर...

◆ गाडी सुरू करताच जोरात पळवू नका. तेल टर्बोपर्यंत पोचून कोमट होईस्तोवर दोन-तीन मिनिटं हळू चालवा.

◆ घाट चढून किंवा हायवेवर जोरात चालवून आलात, तर लगेच किल्ली फिरवू नका. अर्धा-एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवा. फिरतं तेल टर्बोची उष्णता घेऊन जातं.

◆ इंजिन ऑइल कंपनीनं सांगितलेल्याच प्रतीचं घाला आणि वेळेवर बदला. इथली काटकसर सगळ्यात महाग पडते.

◆ एअर फिल्टर साफ ठेवा. दीड लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या चक्राला धुळीचा कणही गोळीसारखा लागतो.

◆ सायलेन्सरमधून निळा धूर, नेहमीपेक्षा मोठी शिट्टी किंवा ताकद अचानक कमी झाली, तर गाडी पळवत राहू नका. गॅरेज गाठा.

आणि झेनचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी भाचा, दाजी आणि मी असे तिघं विल्सन गार्डनमधल्या एका जुन्या गॅरेजात गेलो. दाजींनी मिस्त्रीला एवढंच सांगितलं, की आधी चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन बघ. तीन ठीक निघाले, चौथा बराच खाली. व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. कार्ब्युरेटरमध्ये मळ साचलेला, क्लच घसरत होता. म्हणजे ज्या इंजिनात बाहेरून हवा कोंबायची होती, ते आधीच आतली हवा गळू देत होतं! फुटक्या घागरीला मोठा नळ लावण्यातला प्रकार.

भाचा बराच वेळ त्या मीटरच्या काट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'बाबा, हिच्यात जी ताकद होती, ती तरी परत येईल?'

दाजींनी मान हलवली. बापलेकांनी मग दोन शनिवार-रविवार त्या गॅरेजात काढले. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले, कार्ब्युरेटर साफ केला, क्लच आणि ब्रेक नवे टाकले. टर्बोसाठी जमवलेल्या पैशांतला थोडाच भाग लागला. उरलेल्या पैशांतून पुढे कारखान्यातूनच टर्बो बसून आलेली एखादी सेकंडहँड गाडी घ्यायची, असं आता ठरतंय. त्या गाडीच्या कॉम्प्रेशनची तपासणीही दाजीच करणार, हे ओघानं आलंच.

मी परतल्यावर पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. सगळे झेनमधून नंदी हिल्सला जाऊन आले होते. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी धापा न टाकता चढली. वाटेत दोन टर्बो गाड्या भुर्रकन पुढे गेल्या. भाच्यानं त्यांच्याकडे पाहिलं, पण पाय वाढवला नाही. दाजी शेजारी डोळे मिटून बसले होते.

'झोपले होते का?' मी विचारलं.

'छे रे,' ताई हसली, 'इंजिन ऐकत होते!'